मानेची नस आणि ‘शॉक वेव्ह’

लातूरच्या गंजगोलाईत वा नांदेडच्या वजिराबादेत दुकानाच्या गादीवर तासन्‌तास मान खाली घालून खातेवही पाहणाऱ्या, कान व खांदा यांमध्ये फोन धरून भाव विचारणाऱ्या आपल्या मंडळींना मानेचे दुखणे नवे नाही. मात्र तेच दुखणे खांद्यावरून हातात उतरले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, की तो केवळ स्नायूंचा प्रश्न राहत नाही. सरकलेली चकती अथवा वाढलेले हाड मणक्यांतून बाहेर पडणाऱ्या नसेचे मूळ दाबत असते. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर बहुधा मानेची सहावी नस. मधल्या बोटात असतील तर सातवी.

अशा वेळी ‘शॉक वेव्ह घेऊन पाहा’ असा सल्ला हल्ली सहज मिळतो. नावावरून वाटते तसा यात विजेचा झटका नसतो. या दाबाच्या ध्वनिलहरी होत. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा फोडण्यासाठी त्या प्रथम वापरल्या गेल्या. पुढे टाचेचे जुनाट दुखणे, खांद्यात साठलेले कॅल्शियम यांसाठी त्या रूढ झाल्या. मानेभोवतीच्या आखडलेल्या स्नायूंनाही त्यांनी काही काळ आराम पडू शकतो. परंतु नसेवरचा दाब त्यांनी हटत नाही, आणि नसेच्या दुखण्यात त्या गुणकारी असल्याचा पुरावा अद्याप तोकडा आहे. माल पाहिल्याविना सौदा न करणारे आपण येथे मात्र दहा बैठकांचे पैसे आगाऊ मोजतो! शिवाय बहुतेकांचे हे दुखणे योग्य व्यायाम व औषधांनी काही आठवड्यांत आपोआप उतरणीला लागते. श्रेय मात्र यंत्राला जाते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, गरोदरपण वा कर्करोग असेल, तर ते आधीच सांगावे.

सामायिकाच्या ४८ मिनिटांत ग्रंथ मांडीवर न ठेवता उंच चौरंगावर ठेवावा. पंचांग नमन करताना मान झटक्याने वाकवू नये. कळ हातात जात असेल तर खुर्चीवर बसून केलेल्या वंदनेने भाव उणा होत नाही.

हातातून वस्तू निसटू लागली, सदऱ्याची गुंडी लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कोणत्याही यंत्राची वाट न पाहता त्याच दिवशी अस्थिरोग वा मेंदूविकार तज्ज्ञाकडे जावे. नांदेड व लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत.