चावी एकाच खिशात नको

बदलापूरकरांना स्वयंसेवा शिकवावी लागत नाही. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढणाऱ्या जवानांच्या मदतीला आसपासच्या गावांतली माणसं धावली. प्रश्न आहे तो पूर ओसरल्यानंतरच्या कामाचा, जे दर आठवड्याला करावं लागतं आणि ज्याचे फोटो निघत नाहीत.

'झिरो ए.डी.' हा संगणकावरचा असाच स्वयंसेवकांचा खेळ. 2009 मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यात रोमन आहेत तसे मौर्यही आहेत, हत्ती आणि अशोकस्तंभांसकट. आमच्याकडची चार-पाच कॉलेजची मुलं-मुली त्याचा मराठी अनुवाद करतात, मी शुद्धलेखन पाहतो. 'भालाईत', 'तिरंदाज', 'कोठार' हे शब्द चटकन जमले. 'फौज' काढून 'सेना' घालावी का, यावर मात्र दोन रविवार गेले. अरबी-फारसीतून आलेले 'फौज' आणि 'किल्ला' वगळून मराठीत लढाई कशी लिहायची, असं एका मुलीने विचारलं आणि 'फौज' राहिली.

मग दोघांना नोकऱ्या लागल्या. ते शेवटच्या लोकलने घरी येतात. अनुवाद मंजूर करण्याचा अधिकार त्यांतल्याच एकाकडे, त्यामुळे दोन महिने काम ठप्प आहे. कुणी म्हणालं, वर्गणी काढू. मला ते पटत नाही. याच खेळासाठी 2013 मध्ये 1,60,000 डॉलर मागितले गेले, जमले सुमारे 33,000. तरी जानेवारी 2025 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली (तिचं नाव 'अग्नी'!). 'फ्रीसिव्ह' तर त्याहून जुना. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी 1995-96 मध्ये लिहिला आणि पुढे ते आपापल्या वाटेने गेले. कोड खुला होता, दुसऱ्यांनी तो हाती घेतला आणि तीस वर्षं होत आली तरी खेळ चालू आहे.

आपल्या वस्त्यांतल्या किती अभ्यासिका पैशाअभावी बंद पडल्या, आणि किती कपाटाची चावी घेऊन कुणी मीरा रोडला राहायला गेल्यामुळे? दुसरी संख्या मोठी निघेल, अशी मला दाट शंका आहे.

"पोरांच्या शिक्षणाचं बघा, खेळ कसले काढताय?" असं बुजुर्ग विचारतात. चाचा, पोरं मोबाईलवर खेळतातच. तिथे ती फक्त गिऱ्हाईक असतात. इथे खेळ उघडून आतली यंत्रणा पाहता येते, चूक सापडली तर दुरुस्ती सुचवता येते, आणि ती परदेशातला अनोळखी जाणकार तपासतो. कुठला क्लास हे फुकट देतो?

म्हणून माझी मागणी साधी आहे. मंजुरीचा अधिकार किमान दोघांकडे हवा, त्यांतला एक कॉलेजच्या पहिल्या वर्षातला असावा. ठरलेल्या शब्दांची यादी सर्वांना दिसेल अशी ठेवावी. ज्याला जायचं त्याने खुशाल जावं, पण आधी कुणाला तरी आपल्याशेजारी महिनाभर बसवावं. नोकरीवाल्या पोराने या रविवारी यायचं कबूल केलंय. अकरावीतली एक मुलगी त्याच्याकडून काम समजून घेणार आहे.