हस्तलिखिताला वाली कोण?

1996 साली अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित पंकज मिश्रा यांनी इंग्लंडला धाडले. ते वाचून डेव्हिड गॉडविन हा साहित्य-एजंट विमानाने थेट दिल्लीस आला. पुढच्याच वर्षी त्या कादंबरीस बुकर पारितोषिक मिळाले. इंग्रजीत असा मध्यस्थ लेखकाच्या मिळकतीतून साधारणतः 15 टक्के घेतो. लेखकाला मिळाले नाही तर त्यालाही नाही. खरी मेख येथेच आहे.

मराठीत हा व्यवसाय रुजलाच नाही. त्यातून बडोदे, इंदूर, बेळगावचा नवा कादंबरीकार पुण्यामुंबईच्या संपादकांच्या ऊठबशीतला नव्हे. त्याचे बाड टपालाने जाते, महिनोन्‌महिने पोच येत नाही, आणि अखेर येते ते पुष्कळदा छपाईखर्चाचे अंदाजपत्रक! पदरमोड करून 300 प्रती काढायच्या आणि घरच्या माळ्यावर रचायच्या, याला प्रकाशन म्हणणे ही भाषेचीच थट्टा होय.

आमच्या संस्था मात्र शाल-श्रीफळ घेऊन प्रकाशन समारंभास तत्पर. (संमेलनांच्या मंडपखर्चाविषयी न बोललेलेच बरे.) बाड वाचून दोन परखड पाने लिहिणारा, योग्य प्रकाशक सुचविणारा, करारातील कलमांवर बोट ठेवणारा एखादा जाणता सभासद त्यांनी का नेमू नये? करारात मुदत नमूद नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असे कॉपीराइट कायद्याचे 19 वे कलम मानते. हे किती नवलेखकांना ठाऊक असते? वार्षिक स्नेहभोजनाचा निम्मा खर्च या कामी वळवावा. जिलबी एक वर्ष नसली तरी चालेल.