उगाळा, नाहीतर घेऊच नका!

परवा जेवताना टीममधल्या एकाने चिनी शाईच्या वड्या कशा करतात त्याचा व्हिडिओ दाखवला. मागे बासरी, खाली कॉमेंट : "किती शांत वाटतं ना!" च्यायला, शांत? नीट बघा की राव.

चीनच्या आन्हुई प्रांतात, जुन्या ह्वेइचौ भागात, ही शाई बनते. तुंग झाडाच्या बियांच्या तेलाचे दिवे लावायचे, वर भांडं उपडं ठेवून काजळी धरायची. आपल्याकडे आजी काजळ पाडायची ना, तसंच. मग त्यात सरस, भीमसेनी कापूर, भारीतल्या शाईला कस्तुरी. गोळा गरम आहे तोवर हातोड्याने कुटायचा, पुन्हा पुन्हा. लाकडी साच्यात दाबायचा आणि महिनोन्महिने उलटपालट करत वाळवायचा. घाई केली की तडा गेलाच. अंगभर काजळी ती वेगळीच. आणि आपण एसीत बसून म्हणणार, मेडिटेशन!

दुसरं पालुपद : 'हजार वर्षं न बदललेली कला'. साफ चूक. शन क्वो (१०३१-१०९५) या सरकारी अधिकाऱ्याने पाहिलं, शाईपायी पाइनची जंगलं संपतायत, डोंगर बोडके होतायत. गड्याने जमिनीतून झिरपणारं खनिज तेल जाळून त्याच्या काजळीची शाई केली, आणि ती पाइनच्या शाईपेक्षा उजवी आहे असं लिहूनही ठेवलं. परंपरा अशी टिकते, बदलत बदलत.

तिसरे आपले प्रॅक्टिकल लोक : "बाटलीत शाई मिळते, मग हा उद्योग कशाला?" मिळते की! बीजिंगमध्ये १८६५ पासून मिळते. सरावाला उत्तमच. पण पाण्यात कालवलेला सरस नासतो, म्हणून बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह नाहीतर सिंथेटिक रेझिन येतं. कोरडी वडी वर्षानुवर्षं टिकते, आणि किती गडद हवी ते उगाळताना तुम्ही ठरवता.

पण खरं सांगू? बाटलीपेक्षा मला शोकेसची भीती वाटते. २००६ साली चीनने ही कला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घातली. छानच झालं. पण यादीने कारागिराचं पोट भरत नाही. सोनेरी अक्षरांची वडी मखमली डब्यात घालून भेट देतात, आणि ती कपाटात जाऊन बसते. उगाळलेली वडी झिजते, संपते, मग माणूस दुसरी घेतो. कपाटातली कधीच संपत नाही.

तेव्हा मंडळी, लाइक पुरे. कधी वडी घेतलीत, तर दगडावर पाणी घाला आणि सहाणेवर चंदन उगाळतो तशी उगाळा. झिजू द्या तिला. ती त्यासाठीच केलीय.