मान न वळवता चहूकडे पाहणारं रडार

युद्धनौकेच्या डोलकाठीवर गोल गोल फिरणारं रडार तुम्ही चित्रात पाहिलं असेल. ते रेडिओलहरी सोडतं, त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि वस्तू कुठं आहे ते कळतं. आता मला सांगा, त्याचं तोंड उत्तरेला असताना दक्षिणेकडून काही आलं तर? फेरी पुरी होईपर्यंत त्याला पत्ताच नाही!

समजा, एक फेरी चार सेकंदांची आहे. चार सेकंदांत असं काय बिघडतं? चला, गणित करू. जहाज बुडवायला निघालेलं क्षेपणास्त्र लाटांना जवळजवळ चाटत, सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगानं येतं. चार सेकंदांत १२०० मीटर! पृथ्वी गोल असल्यामुळे इतक्या खालून येणारं क्षेपणास्त्र २५-३० किलोमीटरवर पोचल्याशिवाय दिसतच नाही. मग हातात वेळ किती उरला? भागाकार तुम्हीच करा. दीड मिनिटाच्या आसपास उत्तर येईल.

४ मे १९८२ रोजी फॉकलंड बेटांजवळ हेच घडलं. अर्जेंटिनाच्या विमानानं सोडलेलं ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्र ब्रिटनच्या ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर आदळलं. २० जण मरण पावले. शेफील्डवर बचावासाठी ‘सी डार्ट’ क्षेपणास्त्रं होती, पण एकही उडालं नाही. धोका आहे हेच वेळेवर उमगलं नव्हतं.

त्या काळच्या क्षेपणास्त्रांची आणखी एक अडचण होती बरं का. सोडलेलं क्षेपणास्त्र लक्ष्यावर पोचेपर्यंत जहाजानं वेगळ्या रडारचा झोत त्या लक्ष्यावर धरून ठेवायचा. अंधारात आपण टॉर्च धरतो ना, तसा. परत येणाऱ्या चमकेच्या दिशेनं क्षेपणास्त्र जायचं. शेफील्डवर अशा ‘टॉर्च’ दोनच होत्या. शत्रूची चार विमानं एकदम आली, तर उरलेल्या दोघांनी काय रांगेत थांबायचं?

यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडतो. रडार फिरवायचंच नाही! एका सपाट पाटीवर हजारो बारीक अँटेना बसवायच्या. पण मग झोत वळणार कसा? एखाद्या तळ्याच्या सरळ काठावर वीस मुलं ओळीनं उभी आहेत असं समजा. सगळ्यांनी एकाच क्षणी खडा टाकला, तर लाट सरळ पुढं जाईल. पण डावीकडच्या पहिल्या मुलानं आधी, दुसऱ्यानं किंचित उशिरा, तिसऱ्यानं आणखी उशिरा असं टाकत गेले तर? डावीकडची लाट पुढं निघून जाते, उजवीकडची मागं राहते आणि सगळी मिळून लाट तिरपी होऊन उजवीकडे चालू लागते. मुलं जागची हललीसुद्धा नाहीत! अँटेनांमध्येही असाच उशीर ठेवतात, फक्त तो सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागाचा असतो. म्हणून झोत पापणी लवायच्या आत कुठंही वळतो. याला ‘फेज्ड अ‍ॅरे’ रडार म्हणतात.

२२ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या नौदलात ‘टिकॉन्डरोगा’ ही युद्धनौका दाखल झाली. तिच्या चार बाजूंना अशा चार पाट्या होत्या आणि प्रत्येकीवर चार हजारांहून जास्त अँटेना! तिच्यासोबत क्षेपणास्त्रही सुधारलं. नवं ‘स्टँडर्ड-२’ बराचसा रस्ता स्वतःच्या हिशेबानं कापायचं. “जरा डावीकडे, जरा वर” अशा सूचना त्याला जहाजाकडून मिळायच्या. टॉर्च लागायची ती शेवटच्या काही सेकंदांपुरती. त्यामुळे त्याच टॉर्च आळीपाळीनं कितीतरी क्षेपणास्त्रांना पुरू लागल्या.

पण याच जातीच्या ‘व्हिन्सेन्स’ या जहाजानं ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातावर इराणचं प्रवासी विमान पाडलं. विमानातले सर्व २९० जण गेले. चौकशीत कळलं, की यंत्रानं बरोबरच दाखवलं होतं. विमान वर चढत होतं. माणसांनी मात्र कप्तानाला सांगितलं, की ते खाली, आपल्यावर येतंय.

आपल्याकडे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस कोलकाता’ १६ ऑगस्ट २०१४ रोजी नौदलात आली. तिच्यावर इस्रायली बनावटीचं चार पाट्यांचं रडार आहे. भारत आणि इस्रायलनं मिळून केलेलं ‘बराक-८’ क्षेपणास्त्र डिसेंबर २०१५ मध्ये तिच्यावरून प्रथम उडवून पाहिलं. आपल्या जहाजांवरच्या आधीच्या ‘बराक-१’चा पल्ला दहाएक किलोमीटरचा, याचा सुमारे सत्तर. शिवाय याच्या नाकातच छोटं रडार आहे. शेवटी लक्ष्य ते स्वतःच शोधतं, जहाजाला टॉर्च धरायलाच नको!

४ डिसेंबरला, नौदल दिनी, वर्तमानपत्रात जहाजांचे फोटो येतात. त्यात कोलकाता दिसली तर डोलकाठीच्या वरच्या भागात त्या सपाट पाट्या शोधा. मागच्या बाजूला एक जुन्या घाटाचं, फिरणारं रडारही सापडेल. दूरवरच्या टेहळणीसाठी तेही ठेवलंय.