व्याज नको म्हणणाऱ्यांची ठेव

जून २०१९ मध्ये बंगळुरूच्या ‘आयएमए’ या कंपनीचा प्रमुख दुबईस निघून गेला, आणि ‘हलाल’ नफ्याच्या भरवशावर तिच्याकडे पैसे ठेवलेले हजारो लोक उघड्यावर पडले. बँकेतील ठेवीला त्या वेळी निदान एक लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण होते. या पैशाला एका रुपयाचेही नव्हते. लोभ हे कारण होतेच. परंतु व्याज निषिद्ध मानणाऱ्या मुसलमानाने बचत ठेवावी कोठे, या प्रश्नाला आपण उत्तर दिलेले नाही, हेही तितकेच खरे.

रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. बँकसेवा मिळवण्याची व्यापक व समान संधी सर्व नागरिकांना उपलब्ध आहे, असे कारण दिले गेले. व्याजामुळेच जो त्या संधीकडे पाठ फिरवतो, त्याला हे उत्तर कसे पुरावे?

अडचण कायद्याची आहे. ‘मुराबहा’ व्यवहारात ग्राहकाला हवा असलेला, समजा, यंत्रमाग बँक स्वतः विकत घेते आणि नफा उघड सांगून हप्त्यांनी त्यालाच विकते. (हे वेषांतर केलेले व्याजच, असा आक्षेप काही मुसलमान अर्थशास्त्रज्ञही घेतात, तो निराधार नाही.) आपल्या १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम मात्र बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीस मनाई करते.

ब्रिटनपुढेही असे पेच होते. घर आधी बँकेने व मग ग्राहकाने घ्यायचे, तर मुद्रांक कर दोनदा. २००३ च्या वित्त कायद्याने ही दुहेरी आकारणी काढली. २००४ मध्ये इस्लामिक बँक ऑफ ब्रिटनला परवाना देताना प्रश्न अधिक बिकट होता: तोट्यात भागीदार होणाऱ्या पैशाला ‘ठेव’ म्हणावे कसे? तोडगा असा निघाला की, पूर्ण रक्कम परत मिळण्याचा हक्क ठेवीदारास राहील. धर्मासाठी तो सोडायचा असल्यास त्याने स्वतःहून सोडावा. शरियतचा निवाडा करण्याच्या फंदात नियामक पडले नाहीत.

आपल्याकडेही आठव्या कलमात मर्यादित अपवाद करून एखाद्या सरकारी बँकेत बिनव्याजी खिडकी उघडता येईल. ती कोणत्याही धर्माच्या ग्राहकास खुली असावी आणि तिचे हिशेब रिझर्व्ह बँकेने तपासावेत.