विश्लेषण : ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे धक्के चाहत्यांनी पचवले, मग शेवटच का पचला नाही?

सोमवार, १३ मे २०१९. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला दाखवला जाणारा ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा भाग भारतात हॉटस्टारवर त्याच वेळी, म्हणजे सकाळी साडेसहाला आला. कार्यालय गाठण्याआधी तो पाहून घेणाऱ्यांची संख्या मोठी होती. न पाहता घराबाहेर पडलो तर वाटेतच कुणीतरी सगळे सांगून टाकेल, ही धास्ती! त्या भागात शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतरही डेनेरिस टार्गेरियनने ड्रॅगनवर स्वार होऊन अख्खी राजधानी जाळली. गुलामांची मुक्तिदाती म्हणून आठ पर्वे जिचा जयजयकार झाला, तिनेच सामान्य नागरिकांची राख केली. अंतिम पर्व सक्षम लेखकांकडून नव्याने करून घ्यावे, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर पुढे १८ लाखांहून अधिक सह्या झाल्या. पण धक्के हेच तर या मालिकेचे वैशिष्ट्य होते आणि तिचे चाहते धक्क्यांना चांगलेच सरावले होते. मग हाच धक्का त्यांना का मानवला नाही?

नायकच मारला, तरी प्रेक्षक का टिकले?

एप्रिल २०११ मध्ये एचबीओवर मालिका सुरू झाली तेव्हा जाहिरातींत सिंहासनावर बसलेला चेहरा होता शॉन बीन या अभिनेत्याचा. त्याने साकारलेला नेड स्टार्क हाच नायक, असे सगळ्यांनी गृहीत धरले. नवव्या भागात त्याचा शिरच्छेद झाला. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची १९९६ची कादंबरी वाचलेल्यांना ते ठाऊक होते. बाकीचे सुन्न झाले. मात्र तोच भाग पुन्हा पाहिला की नेडचा मृत्यू त्याने स्वतःच ओढवून घेतलेला दिसतो. राणीचे गुपित कळल्यावर तो आधी तिलाच जाऊन सांगतो, नको त्या माणसावर विसंबतो आणि मुलींच्या जिवासाठी न केलेला गुन्हा कबूल करतो. पहिल्यांदा पाहताना बसतो तो धक्का. दुसऱ्यांदा पाहताना तो परिणाम वाटतो.

२ जून २०१३ रोजी दाखवलेल्या ‘रेड वेडिंग’चेही तसेच. लग्नाच्या मेजवानीत रॉब स्टार्क, त्याची गर्भवती पत्नी आणि आई यांची कत्तल होते. मार्टिन यांना ही कल्पना स्कॉटलंडच्या इतिहासातील दोन विश्वासघातांवरून सुचली : १४४०चे ‘ब्लॅक डिनर’ आणि १६९२चे ग्लेन्कोचे हत्याकांड. पुस्तक वाचलेल्या अनेकांनी बेसावध मित्रांच्या आणि घरच्यांच्या प्रतिक्रिया गुपचूप टिपल्या. किंकाळ्या फोडणारे, उशीत तोंड लपवणारे प्रेक्षक यूट्यूबवर जगाने पाहिले. (पुढे अशा प्रतिक्रियांच्या चित्रफिती हा एक वेगळा धंदाच झाला.) पण कथेच्या हिशेबात खोट नव्हती. पूल ओलांडू देण्याच्या बदल्यात रॉबने फ्रे घराण्याला लग्नाचा शब्द दिला होता आणि तो मोडला होता. मीठभाकर खाल्लेल्या पाहुण्यावर हात उचलायचा नाही, हा त्या जगाचा नियमही आधी नीट सांगून ठेवलेला होता. म्हणूनच तो मोडला जाताना अंगावर काटा आला.

कथा आधी कळली तर रस जातो का?

‘स्पॉयलर’ची भीती किती टोकाला गेली, याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रक्षेपणाआधीच इंटरनेटवर फुटला आणि त्या प्रकरणात मुंबईत चौघांना अटक झाली. वास्तविक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना अधिक आवडल्या होत्या. नंतरच्या काही अभ्यासांत याउलट आढळले, त्यामुळे वाद मिटलेला नाही. रामायण-महाभारताच्या कथा पाठ असूनही ऐकायला बसणाऱ्यांना हा प्रश्नच फारसा पडला नसता.

मग बिनसले कुठे?

डेनेरिसच्या क्रौर्याची बीजे नव्हती, असे म्हणता येत नाही. मीरीन शहरात तिने १६३ गुलाममालकांना खांबांना ठोकून मारले होते. सातव्या पर्वात शरण न येणाऱ्या टार्ली पितापुत्रांना ड्रॅगनच्या तोंडी दिले होते. तिचा बाप तर शहर जाळायला निघालेला वेडा राजा. तेव्हा ती अशी वागूच शकत नाही, ही तक्रार टिकणारी नाही. मात्र शत्रूला जाळणे आणि शरण आलेल्या शहरातली लेकरे जाळणे यांत जे अंतर आहे, ते मालिकेने दोन भागांत उरकले. ड्रॅगन मेला, सखीचा शिरच्छेद झाला, जॉनने पाठ फिरवली, घंटा वाजल्या आणि आग! पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची होती. सातवे सात भागांचे, आठवे अवघे सहा. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती. आवरते घेण्याचा निर्णय डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या निर्मात्यांचा होता.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मार्टिन यांचे पाचवे पुस्तक २०११ मध्ये आले आणि पुढच्या पुस्तकाच्या आधीच मालिका त्यांना ओलांडून गेली. शेवटाची रूपरेषा हाती होती, पण तिथवर नेणारी हजारो पाने नव्हती. अशा वेळी अनपेक्षितपणालाच किंमत येते. नाइट किंगला जॉन स्नो मारेल ही प्रेक्षकांची अपेक्षा होती, ती टाळण्यासाठीच आपण आर्याची निवड केली, हे निर्मात्यांनी स्वतःच सांगितले. नेड मेला तो त्याच्या चुकांमुळे. नाइट किंग मात्र प्रेक्षकांना चकवण्यासाठी मारला गेला. चाहत्यांना नेमके हेच खुपले आणि त्यांचे निदान बरोबर होते.

मग याचिकाही योग्य होती का?

नाही. वाचकांच्या रेट्यापुढे आर्थर कॉनन डॉइल यांना १८९३ मध्ये मारलेला शेरलॉक होम्स १९०३ मध्ये जिवंत करावा लागला. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर प्रेक्षकांच्या आक्रोशानंतर परत आला. जॉन स्नोसुद्धा २०१५ मध्ये मेला आणि अभिनेता किट हॅरिंग्टन केस कापत नाही म्हणजे जॉन परतणार, असा तर्क चाहते वर्षभर लढवत राहिले, तो परतलाही. पण तो कथेच्या आराखड्यातच होता. जॉनचे खरे आईवडील कोण, हे तर वाचकांनी पहिल्या पुस्तकानंतर लवकरच ओळखले होते. तरीही मार्टिन यांनी ते बदलले नाही. ओळखता येणारे रहस्य म्हणजे फसलेले रहस्य, हा समजच त्यांना मान्य नव्हता. सह्या मोजून लिहिलेले नववे पर्व आठव्याहून बरे झाले असते, असे मानायला जागा नाही.

चाहते दुरावले का?

शेवटचा भाग अमेरिकेत त्या रात्री १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसह १२ एमीही मिळाले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ आली, तेव्हा रुसलेले प्रेक्षक परतले. या मालिकेचा शेवट २०१८च्या ‘फायर अँड ब्लड’ या पुस्तकात छापलेलाच आहे. त्यामुळे काय होणार यापेक्षा पुस्तकातले काय गाळले, यावर वाद झडतात. या वादात सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक नाराज आवाज मिसळला. एका लहान राजपुत्राचे पात्र वगळल्याने पुढच्या घटनांची साखळी कशी तुटेल, हे सविस्तर मांडणारी टिपणी इंटरनेटवर झळकली आणि काही तासांत काढूनही टाकली गेली. ती लिहिली होती खुद्द मार्टिन यांनी.