गाडीच्या डिकीतली वीज : सुभानपुऱ्यातून सातपुड्याकडे निघताना हिशोब काय सांगतो

सुभानपुरा (वडोदरा) : थंडी सुरू झाली की सुभानपुरा, गोत्री, एलोरा पार्क भागातल्या सोसायट्यांमधून शुक्रवारी संध्याकाळी गाड्या भरायला लागतात. पूर्वी डिकीत चटई, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन असायचा. आता त्यात तंबू, फोल्डिंगच्या खुर्च्या, बारा व्होल्टचा छोटा फ्रिज आणि एक चौकोनी पेटी दिसते. या पेटीला दुकानदार ‘पॉवर स्टेशन’ म्हणतात. कोणी जांबुघोड्याला जातं, कोणी डेडियापाड्याजवळच्या माळ-सामोटला, तर कोणी अक्कलकुवा-तळोदा करत थेट तोरणमाळला. इथल्या मराठी घरांपैकी कितीतरींचं मूळ गाव खान्देशात, त्यामुळे एक रात्र तंबूत आणि एक रात्र आत्याकडे, असाही बेत असतो.

हौस चांगली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण या पेटीवर लोक पंधरा हजारांपासून लाखापर्यंत पैसे घालतायत, आणि बहुतेकांना आपण नेमकं काय विकत घेतो हेच माहीत नाही. म्हणून जरा आकडेमोड करू.

इथल्या एका दुकानात मी सहज चौकशी केली. दुकानदार म्हणाला, “काका, बे हजार वॉट छे, आखी रात चाले.” दोन हजार वॉट म्हणजे ती पेटी एका वेळी किती जोर लावू शकते तो आकडा. किती वेळ चालेल हे वेगळ्या आकड्यावर ठरतं, आणि त्याला वॉट-तास म्हणतात. एक हजार वॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. पेटीवर २००० वॉट मोठ्या अक्षरात होतं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ५१२ वॉट-तास. म्हणजे साडेसात-आठ रुपयांची वीज मावेल, तेवढीसुद्धा नाही, अर्धं युनिट. त्या पेटीवर पूर्ण दोन हजार वॉटचं काही लावलं, तर पंधरा मिनिटांत खेळ खलास.

पॉवर बँकेतही हीच गंमत आहे. २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात. मोबाइलला ५ व्होल्टवर देताना मधली गळती धरून हाती साधारण १२ ते १३ हजारच लागतात. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, पण गिऱ्हाईकाला हे सांगायचं कष्ट कोणी घेत नाही.

चार माणसांची एक रात्र

आता तोरणमाळच्या यशवंत तलावाजवळ एखाद्या परवानगीच्या जागेवर चौघांचं कुटुंब एक रात्र राहिलं असं धरा. पाच वॉटचे दोन एलईडी दिवे पाच तास, म्हणजे ५० वॉट-तास. पंधरा वॉटचा छोटा डीसी पंखा आठ तास, १२० वॉट-तास. चार मोबाइल पूर्ण चार्ज, गळतीसकट १०० धरा. झाले २७०. यात कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज घातला, जो चालताना ४५ वॉट घेतो आणि अर्धा वेळ बंद राहतो, तर बारा तासांचे आणखी २७०. एकूण ५४० वॉट-तास.

म्हणजे फ्रिज नको असेल तर तीनशे-चारशेची पेटी पुरते. फ्रिज हवा असेल तर सातशेच्या पुढची. हजारची पेटी दहा-बारा किलो भरते आणि एका रात्रीसाठी ती जास्तच होते. लोक दोन हजारची घेतात ती स्वयंपाकासाठी, आणि तिथेच हिशोब फसतो. एक लिटर पाणी उकळायला सुमारे शंभर वॉट-तास जातात. इंडक्शनवर अर्धा तास भाजी-खिचडी केली की सातशे-साडेसातशे. चार माणसांच्या जेवणाला जेवढी बॅटरी जळते, तेवढ्यात दिवे आणि पंखा चार रात्री चालले असते. उष्णता निर्माण करायचं काम बॅटरीवर टाकूच नये. पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर त्यासाठी कधीही स्वस्त. मात्र तो तंबूच्या बाहेर आणि जिथे वन खात्याची मनाई नाही तिथेच.

फ्रिज थेट गाडीच्या बॅटरीवर रात्रभर ठेवणारेही आहेत. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे जेमतेम पाचशे वॉट-तास. त्यातले निम्मे रात्रीत ओढले तर सकाळी स्टार्टर ‘टक्’ म्हणून गप्प बसतो. सात पायरीच्या घाटावर धक्का मारायला माणसं शोधणं हा काही कॅम्पिंगचा भाग नव्हे. गाडी चालू असताना पेटी चार्ज करणं मात्र बरोबर. बारा व्होल्टच्या सॉकेटमधून शंभर-सव्वाशे वॉट मिळतात. बडोद्याहून राजपिपळा, डेडियापाडा, अक्कलकुवा असा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता चार-साडेचार तासांत कापला, तर चारशेच्या आसपास वॉट-तास आपोआप भरून निघतात. त्यासाठी सोलर पॅनल लागत नाही.

सोलरबद्दल स्पष्टच सांगतो. शंभर वॉटच्या घडीच्या पॅनलमधून चांगल्या उन्हात साठ-सत्तर वॉट येतात. हिवाळ्यात दिवसभर एका जागी मुक्काम असेल तर तीनशे वॉट-तास गोळा होतील. पण आपल्याकडे सापुतारा, तोरणमाळला गर्दी होते ती पावसाळ्यात, धुकं बघायला. तेव्हा त्याच पॅनलमधून तिसरा हिस्साही मिळत नाही. जो माणूस जुलै-ऑगस्टमध्येच फिरतो, त्याने पॅनलचे पैसे वाचवावेत.

जो आपण विकत घेतोच आहोत

या सगळ्यात एक मोठा बदल मात्र इलेक्ट्रिक गाड्यांमुळे होतोय, आणि त्याचं एक टोक आपल्या दारातच आहे. बडोद्यापासून जवळ हालोलला एमजीचा कारखाना आहे; जनरल मोटर्सचा हा जुना कारखाना एमजीने घेतला. मे २०२५ मध्ये आलेल्या विंडसर प्रो गाडीत ५२.९ युनिटची बॅटरी आहे आणि गाडीतून बाहेर वीज काढायची सोय आहे. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये टाटांनी नव्या नेक्सॉन ईव्हीत ती दिली होती, जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्येही ती आहे. वर काढलेला ५४० वॉट-तासांचा आपला अख्खा रात्रीचा खर्च अशा बॅटरीच्या एक टक्क्याएवढा. ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने वेगळी पेटी घेण्यात अर्थ नाही. गाडीचा अधिकृत अडॅप्टर घ्यावा. अडचण एकच. धडगाव-मोलगीकडे जाताना वाटेत चार्जर कुठे आणि चालू आहे का, ते आधी फोन करून विचारावं लागतं. परतीचे किलोमीटर राखून मगच वीज उधळावी.

बाकीच्यांसाठी खर्चाचा हिशोब. हजार वॉट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेटची पेटी समजा साठ हजारांना पडली. कंपन्या साधारण तीन हजार वेळा भरता-रिकामी करता येईल असं सांगतात. रोज वापरली तर एक युनिट वीस रुपयांना पडलं. पण आपण वर्षाला वीस रात्री बाहेर जाणार. दहा वर्षांत दोनशे युनिट. म्हणजे युनिटला तीनशे रुपये! निव्वळ कॅम्पिंगसाठी हा सौदा परवडत नाही, भाड्याने मिळाली तर भाड्याने आणावी.

मग लोक तरी का घेतायत? बडोद्यात याचं उत्तर ऑगस्ट २०२४ मध्ये मिळालं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. लष्कर बोलवावं लागलं, मगरी वस्तीत दिसल्या, आणि समा, फत्तेगंज, अकोट्यासारख्या भागांत पाण्याबरोबर अंधारही राहिला. गुजरातच्या ऊर्जा विकास निगमचं आणि मध्य गुजरात वीज कंपनीचं मुख्यालय इथेच, रेसकोर्सला. पण पाण्यात उभ्या ट्रान्सफॉर्मरला मुख्यालय जवळ असल्याचा काही उपयोग नसतो, वीज बंद ठेवणं हेच तेव्हा शहाणपणाचं. घरात इन्सुलिन ठेवलेले आजोबा आणि रात्री श्वासाचं यंत्र लावणाऱ्या आजी असतील, तर त्या दोन-तीन दिवसांचा अर्थ वेगळा होतो. सीपॅप यंत्र ओलाव्याचा हीटर बंद ठेवून ३० ते ६० वॉट घेतं. हजारच्या पेटीवर दोन रात्री सहज निघतात. इथे युनिटला तीनशे रुपयांचा हिशोब कोणी करत नाही, करूही नये. थोडक्यात कॅम्पिंगच्या नावाने घेतलेली ही वस्तू खरं तर घरच्या आपत्तीची आहे, आणि घेताना त्याच नजरेने बघावी.

त्यातही एक गैरसमज आहे. ‘पूर आला तर पाण्याची मोटर चालवू.’ एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या तिप्पट किंवा जास्त जोर मागते. हजार वॉटची पेटी तिथे हात वर करते. टाकी आधी भरून ठेवणं हाच उपाय.

जीवावरचं प्रकरण

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळीकोडजवळच्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, गाडीच्या आत शिरला होता असं तपासात निघालं. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं; पण धोरणाच्या कागदावर जागा, पार्किंग आणि सवलती ठळक असतात, झोपणाऱ्याच्या नाकाजवळ काय येतं ते नव्हे. बॅटरीची पेटी जनरेटरपेक्षा महाग असली तरी तिच्या बाजूने माझं मत पडतं ते या एका कारणासाठी. ज्याला जनरेटर वापरायचाच आहे त्याने तो गाडीपासून लांब, वारा धूर गाडीपासून दूर नेईल अशा बाजूला ठेवावा. एसी लावून, इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपणं हेही त्याच जातीचं. दोन-अडीच हजारांचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. कॅम्पिंगच्या सगळ्या गॅजेटमध्ये पहिली खरेदी हीच असावी.

बॅटरीलाही ऊन सोसत नाही. मे महिन्यात बडोद्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो तेव्हा बंद गाडीच्या आतलं तापमान साठीला टेकतं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. पेटी डिकीत विसरून ऑफिसला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लडाखला नेणाऱ्यांनी उलट बाजू बघावी: शून्याखाली ही बॅटरी चार्ज केली तर कायमची खराब होते.

बाकी गॅजेटमध्ये डोक्याला बांधायचा दिवा आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, या दोन वस्तू पैसे वसूल करतात. वॉकी-टॉकी घेणार असाल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचाच घ्या, त्याला परवाना लागत नाही. बाकीचे ऑनलाइन मिळतात म्हणून कायदेशीर होत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणायला सांगू नका. परवानगीशिवाय ते भारतात चालत नाही, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर परदेशी पाहुणे याच कारणाने अडकले. आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच, शंभर वॉट-तासांपर्यंत. हजारची पेटी प्रवासी विमानात नेताच येत नाही.

राहिला कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, म्हणून ‘पेटी स्वस्त झाली’ असं काही दुकानांत सांगतात. लिथियम बॅटरीवर आधीही १८ टक्केच होते, आताही १८. कमी झाला तो घरच्या इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीवरचा, २८ वरून १८, आणि सोलर पॅनलवरचा, १२ वरून ५. नंदुरबार-धुळ्याकडचे होमस्टेवाले बडोद्यातून माल नेतात, त्यांनी बिल बघून घ्यावं: त्यावर गुजरातचा एसजीएसटी लागला तर महाराष्ट्रातल्या नोंदणीवर क्रेडिट मिळत नाही. माल आपल्या पत्त्यावर पाठवायला सांगून आयजीएसटीचं बिल घेतलं तर मिळतं. वॉरंटीचं सेवा केंद्र सीमेच्या कोणत्या बाजूला आहे तेही त्याच वेळी विचारा, कारण बारा किलोची लिथियमची पेटी कुरिअरवाले सहसा घेत नाहीत.

पॉवर बँकेवर आणि आतल्या सेलवर बीआयएसचा आर-क्रमांक हवा. तो बीआयएसच्या ॲपमध्ये घालून तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. जुनी, फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे, त्यामुळे नवी घेतानाच जुनी परत कोण घेणार हे बिलावर लिहून मागा.